सवा वार लाल

ओसरीवर घोंगडी अंथरून याडीने पेटीतली काचळी तिच्यावर ठेवली, ती पालथी. आतली बाजू वर. मी काही विचारायच्या आधीच तिने मला कापड उलटं करून दाखवलं, आणि मला आजोबा आठवले. हिमायतनगरच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. गावाचं नाव बदलून कितीतरी वर्षं झाली होती, तरी त्यांच्या तोंडी ते शेवटपर्यंत वाढोणाच राहिलं. गिऱ्हाइकाने तागा हातात घेऊन कापड उलटून पाहिलं, की आजोबा पाय सावरून बसायचे. अशा माणसाशी भाव करताना शब्द जपून वापरावा, असं ते सांगत. त्यांच्याकडे कापड उलटून पाहणाऱ्या बहुतेक बाया तांड्यावरच्या होत्या.

हा तांडा हिमायतनगरहून सहस्रकुंडाकडे जाताना लागतो. याडी म्हणजे गोरमाटीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, आई. तांड्यावर सगळेच तिला तसं म्हणायचे, म्हणून मीही म्हणालो. काही वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हा तिला ऐंशी लागलेलं होतं. काचळी तिच्या लग्नासाठी तिच्या आईने शिवलेली. बंजारा बायकांचा वेश आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. फेटिया म्हणजे घेरदार घागरा, टुकरी म्हणजे डोक्यावरून घ्यायची ओढणी आणि अंगात काचळी: पाठ उघडी, मागे बंद, पुढून पोटावर उतरणारी, बाह्या कोपरापर्यंत. पण अलीकडे हा वेश दिसतो तो सेवालाल जयंतीच्या मिरवणुकीत नाहीतर शाळेच्या स्नेहसंमेलनात, भाड्याने आणलेला, मशीनवर भरलेला, प्लास्टिकच्या आरशांचा. त्यामुळे तो नाचाचा पोशाख आहे, असा समज रुजलाय. मला हा समज फार खटकतो. ही काचळी घालून याडीने लाकडं वाहिली, कापूस वेचला, भाकरी थापल्या. ती वाचायची तर रोज अंगावर राहिलेलं कापड म्हणूनच वाचायला हवी.

अस्तर मांजरपाटाचं आहे. कोरं मांजरपाट किती खरखरीत असतं, ते हाताळलेल्यांना सांगायला नको. हे मात्र वासराच्या कानासारखं मऊ झालंय. डाव्या कुशीजवळ निळ्या शाईचा पुसट डाग दिसतो. उजेडाकडे धरला की कळतं, तो गिरणीचा शिक्का आहे: इंग्रजी चारचा वरचा अर्धा आकडा आणि बाजूला एका कमानीचा तुकडा. गिरणीच्या ताग्यावर त्याची लांबी वारात छापलेली असली पाहिजे, असा कायदा इंग्रजांनी १८८९ साली केला होता. तागा उलगडत विकला गेला की शेवटी हा शिक्क्याचा तुकडा उरायचा. पांढऱ्या सदऱ्यावर निळे आकडे कोणाला हवे असतात? तो तुकडा उतरत्या भावात जायचा. याडीच्या आईने नेमका तो घेतला आणि शिक्का अंगाकडे राहील असा बेतला. या काचळीतला पहिला हिशेब मला इथे सापडला.

आता टाके. उलट्या बाजूवर पुढच्या भरतकामाची सगळी कुंडली उतरलेली असते. कुठे घाई झाली, कुठे दोरा संपला, कुठे हात बदलला. इथे एकही गाठ बाहेर दिसत नाही. दोऱ्याचं टोक दरवेळी दोन कापडांच्या मधे ओवून दडवलंय. गाठ अंगाला टोचते, घामाने तिथे कातडं सोलतं, हे शिवणाऱ्या बाईला ठाऊक होतं. मशीनची टीप कुठेही नाही. धावदोऱ्याच्या ओळी इतक्या जवळ की दोन ओळींत तांदळाचा दाणा आडवा मावायचा नाही. लाल कापड आणि अस्तर या ओळींनी एकजीव झालंय, गोधडीसारखं, पण गोधडीच्या कितीतरी पट घट्ट.

मग सुलटी बाजू वर केली, आणि पुढचं लाल कापड अखंड नाही हे लक्षात आलं. मी सांधे मोजले. छातीचा भाग सात तुकड्यांतून जुळवलाय. दोन हातभर, बाकीचे तळहाताएवढे, एक तर दोन बोटांचा. आणि जिथे जिथे सांधा, तिथे तिथे मच्छीकाट्याची पिवळी-पांढरी ओळ. तिच्या अलीकडे-पलीकडे साखळी टाका, त्याच्या बाहेर काळ्या कापडाचे त्रिकोण, करवतीच्या दातांसारखे. लांबून पाहिलं तर वाटतं, बाईने लाल रान अगोदर पाहिलं आणि मग त्यावर नक्षी रेखली. जवळून पाहिलं की क्रम उलटा निघतो. तुकडे जिथे भेटले तिथे टाके गेले, आणि टाके जिथे गेले तिथे नक्षी झाली. मला या काचळीतली सर्वांत मोठी गोष्ट ही वाटते. हे भरतकाम काढून टाकलं तर काचळी साधी होऊन उरणार नाही, तिचे सात तुकडे होतील.

कर्नाटकात संडूरच्या लंबाणी, म्हणजे बंजारा, भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालंय. तिथल्या बायका चौदा टाक्यांची नावं सांगतात: वेले, माकी, किलण, गादरी, नाकरा अशी. याडीला नावं विचारली तर ती हसली. तिच्या आईने टाके हाताला शिकवले, तोंडाला नाही, असं काहीसं म्हणाली.

लाल रंगाकडे येतो. सत्तर वर्षांचं ऊन आणि नदीवरची धुणी सोसून हा रंग विटकरीकडे झुकलाय. पण उजव्या खांद्याखाली एक आरसा गळून पडलाय. त्याला धरणारं दोऱ्याचं कडं तसंच आहे, आणि कड्याच्या आत, आरशाने इतकी वर्षं झाकून ठेवलेल्या चार आण्याच्या नाण्याएवढ्या जागेत मूळ लाल शाबूत आहे. ओल्या कुंकवाचा लाल. मी बराच वेळ त्या टिकलीएवढ्या जागेकडे पाहत राहिलो. ही काचळी पहिल्या दिवशी तांड्याच्या उन्हात कशी दिसली असेल, ते सांगणारा तेवढाच एक साक्षीदार उरलाय.

या लालचा इतिहास मोठा आहे. एके काळी आपल्याकडे सुती कापडाला पक्का लाल यायचा तो आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून. वऱ्हाडात, बुंदेलखंडात आलीची शेती व्हायची. तिसऱ्या वर्षी मुळं खणायची, वाळवायची, कुटायची, तेला-तुरटीत मुरवलेलं कापड त्यात उकळायचं. खारवा नावाचं जाड लाल कापड याच रंगाचं. वाण्यांच्या चोपड्यांचे पुठ्ठे त्याने मढवले जायचे. १८६८ साली जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान या दोघांनी मंजिष्ठेतलं लाल द्रव्य डांबरापासून बनवून दाखवलं, आणि पाच-दहा वर्षांत बाजार फिरला. मंजिष्ठेची शेतं युरोपात मोडली, आल आपल्याकडे. रंगाऱ्यांच्या भट्ट्या विझल्या. गिरणीचा लाल तागा वाढोण्याच्या बाजारात आला तो त्यानंतर.

आजोबांच्या दुकानाच्या दोन चोपड्या आमच्या घरी अजून आहेत, मोडीतल्या. एकीत तांड्याच्या नावाखाली उधारी आहे. माणसाचं नाव क्वचितच, नुसतं 'तांडा' आणि खाली 'लाल सवा वार, काळं पाव वार, मांजरपाट वार'. हेच त्रिकूट पानोपानी. लहानपणी मला या नोंदी कंटाळवाण्या वाटायच्या. काचळी समोर ठेवून आठवलं तेव्हा कळलं की सवा वार लाल, पाव वार काळं आणि वारभर अस्तर म्हणजे बरोबर एक काचळी. आजोबा कापड मोजत होते. तांड्यावरची बाई त्याच ओळीत पुढच्या वर्षभराच्या रात्री मोजत असणार.

छापील छिटाची मात्र या त्रिकुटात कुठेच नोंद नाही, आणि हे मला अर्थपूर्ण वाटतं. कारण जगाला वेड लावलं ते आपल्या छिटाने. गोवळकोंड्याच्या मच्छलीपट्टणम बंदरातून पलंगपोस जहाजांवर चढायचे. इंग्रजीत आजही 'पालमपोर' या नावाने ते संग्रहालयांत टांगलेले असतात, शब्द आपलाच. इंग्लंडात या कापडाची अशी लाट आली की तिथले विणकर रस्त्यावर उतरले, आणि १७२१ साली पार्लमेंटने छापील सुती कापड वापरायलाच बंदी घातली. पण इंग्लंडमार्गे वसाहतींना ते विकायला मोकळीक होती. त्यामुळे लंडनच्या बाईला जे नेसता येत नव्हतं ते समुद्रापलीकडे बोस्टनच्या नाहीतर फिलाडेल्फियाच्या बाईच्या अंगावर, तिच्या पलंगावर खुशाल झळकायचं. तिथल्या घरांत माणूस वारला की मालमत्तेची यादी व्हायची. तीत पलंगाचे पडदे, चादरी, अंगरखे एकेक करून किमतीसह लिहिलेले असत. कापड तेव्हा तिथेही ठेवच होती. मुंबईच्या डोंगरीवरून पडलेलं मानतात ते डंगरीचं नाव, कालिकतवरून कॅलिको, बांधणीवरून बंडाना: हे शब्द त्या कापडाच्या गाठोड्यांतूनच तिकडे पोचले.

अशा छिटाच्या मुलखातल्या बाईने छीट घेतली नाही. कोरं लाल घेतलं, कोरं काळं घेतलं. छिटावर नक्षी दुसऱ्याची असते. तिला जागा मोकळी हवी होती.

आता आरसे. बाजारात आज मिळतात ते यंत्रावर कापलेले, सपाट, नाण्यासारखे गोल. या काचळीवरचे तसे नाहीत. जुन्या पद्धतीत काचेचा पातळ फुगा फुंकायचे, आतून मुलामा चढवायचे आणि मग फुगा फोडून तुकडे कापायचे. गुजरातेतलं कपडवंज या कामासाठी प्रसिद्ध होतं. फुग्याचा तुकडा म्हणून हरेक आरशाला किंचित फुगवटा असतो, आणि हरेकाचा फुगवटा निराळा. परिणाम असा की अंग जरा वळलं तरी सगळे आरसे एकदम चमकत नाहीत. एक पेटतो, दुसरा विझतो, तिसरा बाजूने कलतो. याडीच्या नातसुनेने काचळी हातात धरून उन्हात नुसती हलवली, आणि ओसरीच्या कुडावर उजेडाची पाखरं एकामागून एक उडाली. सपाट आरशांच्या नव्या काचळीने कुडावर एकच ढोबळ झगमगाट पडतो. तोही तिने दाखवला, तिच्या स्वतःच्या विकतच्या काचळीने.

आरशाला भोक नसतं, डिंक लावलेला नसतो. आधी दोन उभे दोरे, दोन आडवे, म्हणजे आरशावर चौकट बसते. मग त्या चौकटीला काज टाक्याने भोवताली ओढत न्यायचं. प्रत्येक टाका चौकटीला थोडं बाहेर खेचतो आणि शेवटी काच गोल खिडकीतून डोकावते. ताण कमी पडला तर काच निसटते, जास्त झाला तर दोरा काचेच्या धारेवर तुटतो. या काचळीवर एकूण एकोणचाळीस आरसे होते. सत्तर वर्षांत एक गळला.

पिवळ्या दोऱ्याने मला अडवलं. खांद्यापासून छातीच्या मध्यापर्यंत तो पिकल्या हळदीचा आहे, तिथून खाली लिंबाच्या सालीचा. बदल एका सांध्यावर, सरळ रेषेत. मी बोट ठेवलं तशी याडी म्हणाली, "वरला अलीकडचा, खालचा पलीकडचा." अलीकडे म्हणजे पैनगंगेच्या निजामी काठावर, पलीकडे म्हणजे उमरखेडकडे, वऱ्हाडात. रझाकारांच्या धामधुमीत त्यांची चार घरं नदी ओलांडून गेली होती. गाठोड्यात अर्धी काचळी होती. सप्टेंबर १९४८ नंतर, निजामी राजवट संपल्यावर, माणसं परतली तेव्हा ती पुरी झालेली होती, पण पिवळा दोरा उमरखेडच्या बाजारातला होता. पैनगंगा तेव्हा नुसती नदी नव्हती. या काठावर हैदराबाद संस्थान, त्या काठावर आधी इंग्रजी मुलूख, मग स्वतंत्र भारत. मधे करोडगिरीचे नाके, मालावर जकात. रुपयासुद्धा दोन: आपला हाली, त्यांचा कलदार. सात हालींचे सहा कलदार. नकाशावरची ती हद्द मिटून किती काळ लोटला. दोऱ्याच्या दोन पिवळ्यांत ती जिथल्या तिथे आहे.

तीच हद्द नाण्यांतही सापडते. काचळीच्या खालच्या काठाला भोकाचे पाच पैसे टाचलेत. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई झाली तेव्हा इंग्रज सरकारने १९४३ पासून मधे मोठं भोक असलेला पैसा पाडला. तो १९४७ पर्यंत चालला. त्यावर राजाचा मुखवटा नाही, इवलासा मुकुट तेवढा आहे. सरकारने धातू वाचवला, तांड्यावरच्या बायांची भोक पाडायची मेहनत वाचली. जुनं कापड पाहणाऱ्याला हे पैसे फार उपयोगी पडतात, कारण ही काचळी १९४३ च्या आधीची असू शकत नाही, हे ते न बोलता सांगतात. गळ्याशी मात्र एकच नाणं आहे, चांदीची निजामी पावली. तिच्यावर चारमिनार, आणि चारमिनारच्या कमानीत निजाम उस्मान अलींच्या नावाचं 'ऐन' हे अक्षर. हिला भोक पाडावं लागलंय, आणि ते पाडलंय बरोबर मिनारांच्या वर, मधोमध. त्यामुळे ती टांगली की चारमिनार ताठ उभा राहतो. उर्दू अक्षर वाचता न येणाऱ्या हाताने नाण्याची दिशा चुकवली नाही. चांदी गळ्याशी, तांबं काठाला: कोणत्या राज्याचं नाणं कुठे बसवायचं ते तिने वजनावर आणि आवाजावर ठरवलं. पैसे एकमेकांवर आपटतात तेव्हा खुळखुळ होते. एकट्या पावलीला आवाज नाही, म्हणून ती हृदयावर.

पाठीमागच्या बंदांच्या टोकांना लोकरीचे गोंडे आणि कवड्या आहेत. प्रत्येक कवडीची पाठ घासून सपाट केलीय, म्हणजे ती कापडाला चिकटून बसते आणि टोचत नाही. कवडी आपल्याला परकी नाही. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात ती आहे, आणि कवडीमोल, फुटकी कवडी, कवडीचुंबक असे शब्द आपण रोज वापरतो. पण नांदेडपासून समुद्र किती लांब! ही जात मालदीवच्या पाण्यातली. तिथून जहाजांनी बंगालला, सुरतेला यायची आणि मग बैलांच्या पाठीवरून आत. त्याच मालदीवची कवडी युरोपी व्यापारी पोत्यांनी उचलून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर न्यायचे आणि तिच्या बदल्यात माणसं विकत घ्यायचे. व्हर्जिनियात जुन्या वस्त्या खणताना, जिथे गुलाम राहत, कामं करत, तिथे मातीतून कवड्या निघाल्यात. मळ्यावरच्या गुलामांना अंगावर घालायला खरखरीत जाड कापड मिळायचं. वर्षाला मोजून कपडे, रंगाची निवड मालकाची. अशा अंगांवर, नाहीतर उशाशी, कुणीतरी एक कवडी जपली होती. याडीच्या बंदाला लोंबणारी कवडी हातात घेताना मला ते आठवलं आणि पुढे बराच वेळ काही टिपता आलं नाही.

हा सगळा माल तांड्याला नवा नव्हता. बंजारा म्हणजे मुळात वाहतूकदार. मीठ, धान्य, कापूस, कवडी, सगळं त्यांच्या बैलांवरून हिंडायचं. मोगलांच्या दख्खनेतल्या फौजांना दाणा त्यांनीच पोचवला. १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत इंग्रज सेनापती वेलस्लीचं सैन्य त्यांच्याच धान्यावर चाललं. नंतर आगगाडी आली. १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड रूळ नांदेडवरून गेले, आणि बैलांच्या पाठी रिकाम्या झाल्या. तांडे रानाच्या कडेला थांबले ते थांबलेच. इंग्रज कारभाराने त्यांच्या फिरण्यावरच गुन्हेगारीचा शिक्का मारला. ज्यांनी देशभराचा माल वाहिला त्यांच्याकडे संशयाने पाहिलं गेलं, ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत फार थोड्या ओळींत संपते. काचळीवर मात्र ती सगळी वाहतूक शिल्लक आहे: गुजरातेची काच, मालदीवची कवडी, गिरणीचं लाल, दोन राज्यांची नाणी.

परक्याच्या कापडाला उत्तर द्यायच्या दोन वाटा आपल्याला माहीत आहेत. एक, ते नाकारायचं. १९०५ साली पुण्यात सावरकरांनी विलायती कपड्यांची होळी केली ती ही वाट. दुसरी, स्वतः सूत कातायचं. सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातच्या सुताचे कपडे घालून गेले. त्याच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी अमेरिकेतल्या वसाहतींत बायकांनी चरखे काढले होते, आणि १७६८ साली हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी पदवी घ्यायची ती घरच्या सुताच्या कपड्यांत, असं ठरवलं होतं. आमच्या नांदेडला खादीचा राष्ट्रध्वज तयार होतो, त्याचा मला अभिमान आहे. पण याडीची आई या दोन्ही वाटांनी गेली नाही. तिच्याकडे जाळायला जास्तीचं कापड नव्हतं आणि चरख्यापुढे बसायला दिवस नव्हता. तिने गिरणीचं कापड रोख नाहीतर उधार घेतलं, आणि त्यावर इतके टाके घातले की गिरणीला ते ओळखू येऊ नये. शिक्का आत गेला, खळ धुऊन गेली, ताग्याचे सात तुकडे झाले. उरलं ते तिचं होतं. या तिसऱ्या वाटेवर ना सभा झाली ना ठराव, आणि म्हणूनच कदाचित ती आपल्या लिहिण्यात आली नाही. माझ्या दृष्टीने ती पहिल्या दोन्हींच्या तोलाची आहे.

एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. काचळीच्या दोन बाजू सारख्या नाहीत. उजवीकडे तेवीस आरसे, डावीकडे सोळा. पाचपैकी चार पैसे उजव्या काठाला, डाव्या कुशीकडे एकही नाही. तिथे नुसतं भरतकाम, आणि तेही दोऱ्याचं, सपाट, गुळगुळीत. माझं मत ठरत आलं होतं. ही बाई तोल सांभाळणारी कलावंत आहे, तिने एक बाजू गजबजती ठेवली आणि दुसरी शांत, डोळ्याला विसावा मिळावा म्हणून. वहीत तसं लिहिलंही. मग याडीला विचारलं, आईने ही बाजू अशी मोकळी का ठेवली?

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग डावा हात कोपरात वाकवून कमरेशी घेतला, जसं कडेवर मूल घेतात तसा.

"या अंगाला पोरगं असतं, बाबा. आरसा लागतो त्याच्या गालाला."

मी काचळी पुन्हा हातात घेतली. लग्नासाठी शिवलेली काचळी. शिवणारीची लेक तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. आईने तिच्या कडेवरच्या मुलाची जागा आधीच सोडली होती. डाव्या बाजूचे दोरे उजवीपेक्षा चकचकीत आहेत, घासून घासून. खालच्या काठाशी लोकरीचा एकच गोंडा आहे आणि तो बाकीच्यांसारखा फुललेला नाही. टोकाशी घट्ट, कडक, तुटका. मी तो वाळवी नाहीतर उंदराने कुरतडलेला धरला होता.

याडीने तो दोन बोटांत धरला. "हे थोरल्यानं चावलं," ती म्हणाली. "दात येत होते तेव्हा." थोरला आता पुसदला असतो, त्याला नातवंडं आहेत. तिने नातसुनेला कडुलिंबाचा पाला आणायला सांगितला, काचळी पालथीच घडी केली आणि डावी बाजू आत राहील अशी पेटीत ठेवली.